घड कधी हरवला? थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या एका एकराचा तपास

गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीला, चौदा दिवस झाले आहेत. मालक एक, खुंट (कलमाचे मूळझाड) एक, छाटणीची तारीखही एक. तरी बांधावर उभे राहिले की या एका एकरात दोन बागा असल्यासारखे वाटते. वरच्या निम्म्या भागात फूट बेताची, पण जवळपास प्रत्येक फुटीच्या पोटात पोपटी घड डोकावतो आहे. ओढ्याकडच्या निम्म्या भागात फूट दांडगी, पाने रुंद आणि काळपट हिरवी, पेरे लांब. घडाच्या जागी मात्र बाळ्या, म्हणजे आधाराला विळखा घालणारे तणावे.

अशा वेळी पहिला संशय पेस्टिंगवर, म्हणजे काडीवरचे डोळे (सुप्त कळ्या) फुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्यावर, जातो. डॉरमेक्स (हायड्रोजन सायनामाइड) कमी पडले का, मजुरांनी डोळे चुकवले का? इथे फुटवा दोन्हीकडे एकसारखा निघाला आहे, म्हणजे पेस्ट लागली होती. हायड्रोजन सायनामाइड डोळा फोडते, डोळ्यात नसलेला घड ते घालू शकत नाही. छाटणीनंतर फवारायच्या 'घड काढणाऱ्या' बाटल्यांचेही तेच. ऑक्टोबरात बाहेर पडणारा घड त्याआधी चार-पाच महिने डोळ्यात बसलेला असतो. म्हणून तो कधी हरवला हे शोधायचे तर कॅलेंडर उलटे चाळावे लागते, आणि त्याचा पुरावा फुटीवरच लिहिलेला असतो.

इथे घेतलेला प्लॉट प्रातिनिधिक आहे. निफाड-दिंडोरी पट्ट्यात ढगाळ वर्षांत वारंवार दिसणारी परिस्थिती एका एकरावर आणून मांडली आहे आणि मोजणीचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. तपासाची रीत मात्र कोणत्याही बागेत जशीच्या तशी चालते.

प्लॉटची नोंद

वाण थॉमसन सीडलेस, खुंट डॉगरिज, अंतर ९ × ५ फूट, म्हणजे एकरी ९६८ वेली. वळण वाय पद्धतीचे. वरची ४८४ झाडे मध्यम मुरमाड जमिनीत, खालची ४८४ भारी काळ्या जमिनीत. काळ्या भागात पाऊस झाला की चार-चार दिवस वाफसा येत नाही.

वरच्या भागातला माल १० मार्चला संपला आणि ८ एप्रिलला खरड छाटणी (काढणीनंतरची, नवी काडी तयार करणारी) झाली. वेलीला २९ दिवसांची विश्रांती मिळाली. खालच्या भागातला माल भाव चढेल या आशेने वेलीवर थांबला, तो २० एप्रिलला उतरला. त्याची खरड ४ मे रोजी, विश्रांती जेमतेम १४ दिवस. पुढे खते, फवारण्या, पाणी दोन्ही भागांना एकाच व्हॉल्व्हवरून, एकाच वेळापत्रकाने. गोडी छाटणी दोन्हीकडे १२ ऑक्टोबरला. छाटणीच्या दिवशी दोन्हीकडची काडी तपकिरी, आतला गाभाही तपकिरी, जाडी ८ ते १० मिलिमीटर. मालकाच्या मते काडी 'एक नंबर' होती, आणि वरून पाहता ती तशी होतीही.

एका डोळ्यात तीन

पानाच्या बगलेत दोन गोष्टी जन्माला येतात. एक त्याच हंगामात फुटते, ती बगलफूट. तिच्या बुडाशी, तिच्याच पहिल्या खवल्याच्या आडोशाला, दुसरा डोळा तयार होतो आणि तो सुप्त राहतो. गोडी छाटणीला आपण फोडतो तो हा. बाहेरून एकच दिसला तरी आत तीन असतात: मधला मुख्य, बाजूला दुय्यम, आणि आणखी एक तिसरा. तिघांवर मिळून तपकिरी खवल्यांचे पांघरूण आणि त्याखाली कापूस. डोळा फुगताना हाच कापूस बाहेर येतो, त्याला आपण 'डोळे कापसले' म्हणतो.

मुख्य डोळा म्हणजे घडी घातलेली अख्खी फूट. त्यात सहा ते दहा पानांचे अंकुर, त्यांच्यासमोर बाळ्यांचे आणि घडांचे अंकुर आधीच मांडलेले असतात. दुय्यम डोळा लहान असतो आणि थॉमसनमध्ये त्यात घड क्वचितच असतो. मुख्य डोळा मेला की दुय्यम आणि तिसरा जोडीने फुटतात. शेतात दिसणारी जुळी, बारीक, वांझ फूट बहुतेक वेळा याचीच खूण.

घड आणि बाळी ही एकाच अंकुराची दोन रूपे आहेत, ही गोष्ट तपासाच्या मुळाशी आहे. वाढत्या शेंड्यावर, पानाच्या समोरच्या बाजूला, आधी एक कोरा अंकुर उठतो. तो काय होणार हे अजून ठरलेले नसते. सायटोकायनिन या संजीवकाचे पारडे जड झाले तर तो फांद्यावर फांद्या काढत घड होतो, जिब्रेलिनचे जड झाले तर लांबट होऊन बाळी. म्हणून दोघांची जागा एकच: पानाच्या समोर. द्राक्षाच्या फुटीवर बुडाची दोन-तीन पेरे रिकामी जातात, मग सलग दोन पेरांवर बाळी, तिसऱ्यावर काही नाही, पुन्हा दोन पेरांवर बाळी, असा पाढा चालतो. या पाढ्यातल्या सुरुवातीच्या जागा, साधारण तिसऱ्या ते सहाव्या पेरापर्यंतच्या, घडाच्या. त्या जागी बाळी दिसली की अंकुर आला होता पण वाट बदलली, असे समजायचे.

कधी दोन्हींच्या मधले काहीतरी सापडते. दोन फाट्यांची बाळी असते, एक फाटा तारेला विळखा घालायला निघालेला आणि दुसऱ्यावर चार-पाच कळ्या. बागेत फिरताना ही हातात आली तर फेकून देऊ नये, नीट पाहावी. काय बिघडले ते याहून स्पष्ट कोणी सांगणार नाही.

मोजणी

चौदाव्या-पंधराव्या दिवशी फूट चार-पाच पानांवर असते आणि घड उघड्या डोळ्यांनी ओळखता येतो. याच सुमारास फेलफूट (नको असलेली जादा फूट) काढायला मजूर येतात. मोजणी त्यांच्या आधी करायची, कारण एकदा वांझ फुटी जमिनीवर पडल्या की पुरावा गेला. प्रत्येक भागातून दहा वेली निवडायच्या. ओळीच्या टोकाच्या आणि बांधालगतच्या टाळायच्या, कारण तिथे ऊन जास्त मिळते आणि घड नेहमीच बरे निघतात. वेलीवर ३२ काड्या, म्हणजे दहा वेलींवर ३२०. प्रत्येक काडीच्या टोकाच्या फुटीची चारांपैकी एका रकान्यात नोंद.

वरच्या भागात ३२० पैकी २६८ काड्यांवर चांगला घड, २९ वर फक्त बाळी, ९ ठिकाणी जुळी वांझ फूट, १४ वर गोळी घड (गोळा होऊन थांबलेला) किंवा जिरत चाललेला घड (बाळीत विरघळणारा). खालच्या भागात चांगला घड फक्त ११८ काड्यांवर. नुसती बाळी १२१, जुळी फूट ४७, गोळी किंवा जिरलेला ३४.

वेलीमागे काढले तर वर सुमारे २७ घड, खाली १२. निर्यातीच्या मालासाठी दीड चौरस फुटाला एक घड धरतात, त्या हिशेबाने ४५ चौरस फुटांच्या वेलीवर ३० घड हवेत. वरच्या भागात ३७५ ग्रॅमचा घड धरला तर पावणेपाच टनांच्या पुढे माल मिळतो. खाली घड कमी म्हणून तो ४५० ग्रॅमपर्यंत पोसला, तरी गाडी अडीच टनांच्या आसपास थांबते. घड मोठा करून संख्येची तूट भरून निघत नाही.

नुसते 'घड कमी निघाले' एवढ्यावर थांबले तर उपाय चुकतो. उरलेले तिन्ही रकाने वेगवेगळ्या महिन्यांकडे बोट दाखवतात. घडाच्या पेरावर स्वच्छ बाळी असेल तर बिघाड सूक्ष्म घडनिर्मितीच्या (डोळ्यात घड ठरण्याच्या) वेळचा, म्हणजे खरड छाटणीनंतरच्या दुसऱ्या महिन्यातला. जुळी फूट असेल तर घड कदाचित ठरलाही असेल, पण नंतर पावसाळ्यात दाट पानोळ्यात मुख्य डोळा मेला. गोळी घड आणि जिरलेला घड यांत अंकुर डोळ्यात होता, छाटणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत तो पोसला गेला नाही. तेव्हा १२१, ४७ आणि ३४ हे तीन वेगळे हिशेब आहेत.

१२१ बाळ्यांचा हिशेब

खरड छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. फूट वाढते तशी तिच्या प्रत्येक पानाच्या बगलेत नवा डोळा आकार घेतो आणि त्यातले कोरे अंकुर ठरू लागतात. हे बुडाकडून शेंड्याकडे क्रमाने चालते. आपल्याकडे साधारण ४० ते ६० दिवसांचा काळ यासाठी निर्णायक मानतात. या काळात अंकुराला घड व्हायला तीन गोष्टी लागतात: डोळ्यावर आणि त्याच्या पानावर पडणारा भरपूर उजेड, तिशीच्या पुढचे दिवसाचे तापमान, आणि आटोक्यातली वाढ. एप्रिल-मेचे ऊन, ज्याला आपण वैतागतो, ते यासाठी वरदान आहे.

आता तारखा लावू. वरच्या भागात ८ एप्रिलपासून चाळिसावा दिवस १८ मे, साठावा ७ जून. या दिवसांत आकाश बहुतेक मोकळे असते, वळवाच्या एक-दोन सरी सोडल्या तर. खालच्या भागात ४ मेपासून चाळिसावा दिवस १३ जून, साठावा ३ जुलै. मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्यात पोचतो, म्हणजे सगळी घडनिर्मिती ढगाखाली. पावसाचे पाणी आणि जमिनीतला नत्र दोन्ही मिळाल्याने याच दिवसांत शेंडा धावतो. धावता शेंडा म्हणजे जास्त जिब्रेलिन, आणि जिब्रेलिनचा कौल बाळीला.

भाव चढेल म्हणून थांबलेले एप्रिलचे पहिले तीन आठवडे इथे महाग पडले. मार्च-एप्रिलमध्ये किलोमागे दोन-चार रुपये जास्त मिळतात तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही, कारण नुकसान दिसते ते सात महिन्यांनी आणि तोवर संशयित बदललेला असतो.

तारीख वेळेवर धरूनही आकाश दगा देते, हेही मान्य करायला हवे. २०२५ साली मे महिन्यातच महाराष्ट्रात जोरदार पाऊस झाला. मोसमी वारे २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचले. अशा वर्षी ८ एप्रिलची खरडही अर्धी ढगात सापडते. मग हातात उरते ते वाढ रोखणे आणि उजेड आत सोडणे.

वाढ रोखण्याची आपली जुनी, खात्रीची पद्धत म्हणजे सबकेन. फूट सात-आठ पानांवर आली की शेंडा मारायचा. वरच्या बगलेतून जी फूट निघेल ती एकच ठेवायची, ती पुन्हा पाचेक पानांवर थांबवायची, आणि एकूण काडी सोळा-सतरा पानांवर पुरी करायची. शेंडा मारल्याने वाढ काही दिवस अडते, अन्न खालच्या डोळ्यांकडे वळते आणि शेंडा मारलेल्या गाठीजवळचे डोळे फळते होतात. थॉमसनचे बुडाचे डोळे मुळातच वांझ असतात. सरळ काडीवर सहा-सातव्या डोळ्यापर्यंत जावे लागते, सबकेनवर गाठीजवळ छाटता येते, त्याचे कारण हे. खालच्या भागात शेंडा मारला होता, पण अकरा-बारा पानांवर, कारण तेव्हा मजूर सोयाबीनच्या पेरणीला गेले होते. उशिरा मारलेला शेंडा काडी आखूड करतो, एवढेच.

चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास ६-बीए (सायटोकायनिन गटातले संजीवक) १० पीपीएम आणि त्यासोबत युरॅसिल, त्याआधी पाच पानांपासून गरजेप्रमाणे सीसीसी (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारे द्रव्य), ही फवारणी बहुतेकांच्या वहीत असते. उजेड असेल तर ती मदत करते. सावलीतल्या डोळ्याला तिचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे अडचण संजीवकाची नसून उपासमारीची आहे. सीसीसीबद्दल हात आखडता घ्यावा: २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाटचे अवशेष सापडले आणि कंटेनर अडकले, तो धडा महाग होता. हे द्रव्य वेलीच्या लाकडात राहते आणि पुढच्या मालात उतरू शकते. शेंडा वेळेवर मारला तर त्याची गरजही निम्मी होते.

नत्राचा भाग साधा आहे. खरडीनंतर पहिले तीस दिवस नत्र. तिसाव्या ते साठाव्या दिवसांत स्फुरद, नत्र जवळपास बंद, पाणीही कमी. साठाव्यानंतर काडी पिकण्यासाठी पालाश. दोन्ही भाग एकाच व्हॉल्व्हवर असल्याने काय झाले? वेळापत्रक वरच्या भागाच्या दिवसांवर चालले. खालच्या भागाला पहिल्या तीस दिवसांत नत्र कमी मिळाला, कारण तेव्हा वरचा भाग स्फुरदाच्या टप्प्यात होता. फूट मागे पडलेली पाहून जूनमध्ये खालच्या भागाला युरिया वेगळा, हाताने टाकला गेला. दोन दिवसांनी पाऊस. नको त्या वेळी, नको तेवढा नत्र, तोही काळ्या जमिनीत.

४७ जुळ्या फुटी

ब्लेड आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर हा तपास घरी होतो. डोळा काडीवर असतानाच टोकाकडून पातळ चकत्या काढत जायचे. साधारण मधोमध आले की हिरव्या ठिपक्यांची जागा दिसते: मध्ये मोठा, शेजारी लहान. तिन्ही हिरवे असतील तर डोळा जिवंत. मधला तपकिरी-काळा आणि बाजूचे हिरवे असतील तर मुख्य डोळा मेलेला आहे. बाहेरून असा डोळा कधी चपटा, कधी उलट रुंद दिसतो. रुंद डोळ्याला भुलू नये.

मुख्य डोळा मरतो तो प्रामुख्याने जोमदार वाढीत आणि सावलीत. खालच्या भागातल्या वेलींवर पावसाळ्यात पन्नासच्या वर काड्या होत्या. विरळणी करायची राहिली, नंतर केवडा रोगाच्या फवारण्यांच्या धांदलीत कुणाच्या लक्षातही आले नाही. गोडी छाटणीला ३२ ठेवून बाकीच्या काढल्या. पण डोळे तोवर चार महिने अंधारात बसले होते. काड्यांची संख्या छाटणीला कमी करून उपयोग नसतो. फूट पाच-सहा पानांवर असतानाच, म्हणजे खरडीनंतर तीन-चार आठवड्यांत, सव्वा ते दीड चौरस फुटाला एक या प्रमाणात ती राखावी लागते. दुपारी बारा वाजता मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले पाहिजेत. गडद एकसंध सावली असेल तर वर डोळ्यांनाही तीच सावली आहे.

३४ गोळी घड

छाटणीनंतर पहिले अठरा-वीस दिवस फूट स्वतःचे अन्न बनवत नाही. काडी, ओलांडा (तारेवरची आडवी फांदी), खोड आणि मुळे यांत साठवलेल्या स्टार्चवर ती उभी राहते. याच दिवसांत डोळ्यातल्या घडाच्या अंकुरावर एकेक फूल तयार होत असते. घडाचा सांगाडा गेल्या हंगामात ठरलेला, पण फुले या पंधरवड्यात घडतात. साठा तोकडा असेल, वर ढग आणि दमट हवा असेल, तर शेंडा सगळे ओढून घेतो. मग घड एकतर गोळा होऊन थांबतो किंवा लांबट होत बाळीत विरघळतो. त्यालाच घड जिरणे म्हणतात.

खालच्या भागातली काडी रंगाने पिकली होती, पण काढणीनंतर वेलीला अवघे १४ दिवस मिळाले होते. माल उतरल्यावरच्या महिन्यात पाने मुळांकडे अन्न पाठवतात, पांढरी मुळी फुटते, खोडाचा साठा भरतो. तो महिना अर्ध्यावर तोडला की वेल उधारीवर पुढचा हंगाम सुरू करते. काडी पिकणे आणि काडी फळती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग पहिल्या गोष्टीबद्दल सांगतो, दुसरीबद्दल काही सांगत नाही.

तरी ३४ हा आकडा तिघांत लहान आहे, आणि याच रकान्यावर ऑक्टोबरात थोडा इलाज चालतो. पोंगा अवस्थेत (कोवळी पाने गुंडाळलेली असताना) ६-बीए १० पीपीएम, घड दिसताच जादा फुटी त्वरित काढणे, पाणी आखडते घेणे, आणि घडाच्या पुढे फूट जोरात पळत असेल तर शेंड्याला हलकी टिचकी. जिरणारे घड त्याने निम्मे-अधिक वाचू शकतात. बाकी १६८ काड्यांसाठी बाजारात काही मिळत नाही.

छाटणीआधी काय पाहता आले असते

सप्टेंबरच्या अखेरीस, छाटणीच्या बारा-पंधरा दिवस आधी, डोळे तपासणी. दोन्ही भागांचे नमुने वेगळे. प्रत्येक भागातून दहा-पंधरा काड्या, वेगवेगळ्या ओळींतून, मधल्या वेलींवरून. काडी बुडापासून अख्खी कापायची, पाने काढायची, बुडाला खूण करायची, म्हणजे डोळ्यांचा क्रमांक चुकत नाही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत त्याच दिवशी प्रयोगशाळेत.

सूक्ष्मदर्शकाखाली खवले आणि कापूस काढला की मुख्य डोळ्यातला घड दिसतो: बारीक फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, गाठीगाठींचा. बाळीचा अंकुर सडपातळ, टोकाला वाकलेला. अहवालात प्रत्येक डोळ्यासमोर घड आहे की नाही आणि मुख्य डोळा जिवंत आहे की नाही हे येते. त्यावरून कुठल्या डोळ्यावर छाटायचे ते ठरते. खालच्या भागात गाठीच्या डोळ्यांत घड नसून पुढच्या एक-दोन डोळ्यांत असता, तर तिथे छाटून बरीच तूट भरून निघाली असती. कुठेच नसता, तर निदान महागडे पेस्टिंग, डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) मजुरी आणि व्यापाऱ्याला दिलेला शब्द यांचा हिशेब वेळेवर बदलता आला असता. दोन्ही भागांना एकाच मापाने गाठीवर कात्री लावली गेली, कारण काडी दोन्हीकडे सारखीच छान दिसत होती.

आता, पंधराव्या दिवशी

पुन्हा छाटण्याचा मोह होतो. काही जण खालच्या डोळ्यावर फेरछाटणी करतात. थॉमसनमध्ये खाली गेले की वांझ डोळ्यांकडेच जाणे होते, शिवाय नोव्हेंबरच्या थंडीत फूट रेंगाळते आणि माल पुन्हा एप्रिलवर जातो, म्हणजे पुढच्या वर्षीचीही खरड उशिरा. न छाटलेल्या चार काड्यांचे डोळे तपासून खाली घड दिसत असेल तरच विचार करावा. या प्लॉटला ते परवडणारे नाही.

खालच्या भागात वांझ फुटी सरसकट काढायच्या नाहीत. वेलीवर १२ घड आणि बाकी सगळी फूट काढली तर उरलेल्या फुटी पिसाळतात, घड जिरण्याचे प्रमाण वाढते आणि पुढे मणीगळही. घडाची प्रत्येक फूट ठेवायची, जुळ्यांपैकी एक काढायची, आणि नुसत्या बाळीच्या फुटींपैकी ज्या घडावर सावली करतात तेवढ्या काढून बाकी सहा-सात पानांवर थांबवायच्या. ही पाने घडांना आणि रिकाम्या झालेल्या खोडाला, दोघांनाही पोसतील. नत्र पूर्ण बंद; फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ तपासून मगच पुढचा डोस. वरच्या भागाचे खत आणि जीएचे (जिब्रेलिक अ‍ॅसिडचे) वेळापत्रक खाली चालवायचे नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह वेगळा करायचा, हा एक खर्च याच हंगामात करून टाकावा.

कमी घडांचा एक फायदा आहे: भार हलका असल्याने माल लवकर गोडीवर येतो. खालचा भाग या वेळी वरच्या भागाच्या आधी उतरवायचा, भाव काहीही असो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल उतरला, महिनाभर हलके पाणी आणि थोडे खत देऊन पाने टिकवली, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड होते आणि चाळिसावा दिवस मेच्या मध्यावर येतो. काळ्या जमिनीला वाफसा उशिरा येतो, म्हणून तिथे खरड वरच्या भागाच्याही चार दिवस आधी धरलेली बरी. पंचेचाळिसाव्या दिवशी बुडापासून पाचव्या पानाचे देठ तपासणीला, दोन्ही भागांचे वेगळे.

दोन्ही भागांतल्या मोजलेल्या दहा-दहा वेलींना रंगीत फीत बांधून ठेवावी. पुढच्या सप्टेंबरात डोळे तपासणीच्या काड्या त्यांच्याच शेजारच्या वेलींवरून घ्यायच्या, आणि पुढच्या गोडी छाटणीनंतर चौदाव्या दिवशी, फेलफुटीचे मजूर येण्याआधी, त्याच वेली पुन्हा मोजायच्या.